मंगळवार, पाच ते नऊ

तळघरात, भिंतीवरच्या फळ्यावर
आमचं कुलूप मंगळवारी, पाच ते नऊच्या खणात.
छोटंसं पितळी, त्यावर आकडा सव्वीस.
ते चुकून दुसऱ्या कुणाच्या खणात बसलं
तर या इमारतीत काय होतं
ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.
झाझा म्हणतो, विचारूही नकोस.

कुतैसीत धुणं चौथ्या मजल्यावर, वाऱ्यात वाळायचं.
खिडकीपासून अंगणापलीकडच्या खांबापर्यंत दोरी,
ओढली की कप्पी करकरायची
आणि सगळ्या आळीला कळायचं:
दुपटी आली, म्हणजे नातेलाची सुटका झाली.
फौजी शर्ट आला, म्हणजे पोरगा सुट्टीवर.
तीन आठवडे नुसतेच बायकी कपडे,
म्हणजे तिला काही विचारायचं नाही.

इथे गॉथेनबर्गमध्ये आमचं धुणं कुणी बघत नाही.
गोल काचेआड ते फिरत राहतं,
बाकावर बसून मीच बघते:
वाखोच्या चड्ड्या, झाझाचा गोदीतला नारिंगी डगला,
माझं काहीबाही.

पहिल्या नोव्हेंबरात दारावर चिठ्ठी होती.
मोठी अक्षरं. एका शब्दाखाली दोन रेघा.
मी तेक्लेला खाली आणलं.
नऊ वर्षांची पोर, हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद.
तिनं वाचलं. जरा जास्तच वेळ वाचलं.
मग म्हणाली, "देदा, कुणाचा तरी मोजा राहिलाय.
छान विणलाय म्हणतात."
मी घरी जाऊन सगळे मोजे मोजले.
जोड्या पुऱ्या होत्या.
तरी चिठ्ठी पासपोर्टांच्या डब्यात ठेवली,
परमुलखातली पहिली शाबासकी म्हणून.

तेव्हा घरात शब्दांचा नुसता काला झाला होता.
आमच्यात आई म्हणजे देदा, आणि मामा म्हणजे बाप.
वाखो पाळणाघरातून आईसाठी मामा शिकून आला.
रात्री मामा मामा करून रडला
की झाझा धडपडत उठायचा,
आणि वाखो त्याला लाथा झाडून
आणखी जोरात मामा म्हणायचा.
दोन आठवडे मी गाढ झोपले.
त्याबद्दल या देशाचे मनापासून आभार.

आईला फोनवर सांगायचे:
हो, ऊन असतं.
हो, चीज अगदी आपल्यासारखं मिळतं.
दोन पाकिटं एकत्र कुस्करायची, वर मीठ,
आणि खाताना डोळे मिटायचे,
एवढं सांगायची काय गरज.

फेब्रुवारीत भाषेच्या वर्गात
बाईंनी एक चित्र दाखवलं:
कपडे वाळवायचं यंत्र, त्याची जाळी,
जाळीवर साचलेली राखाडी लव,
मांजराच्या पोटासारखी.
फळ्यावर शब्द लिहिला, लुद्द.
शेजारी हिबाक वहीत उतरवत होती.
मी नाही उतरवला.
मला तो येत होता,
खालच्या दोन रेघांसकट.

घरी येऊन डबा उघडला.
शब्दकोश मांडीवर, दार लोटलेलं.
लुद्द! जाळी साफ करा.
तिसऱ्यांदा लिहितेय.
इथे तुम्ही एकट्याच राहत नाही.

पलीकडच्या खोलीत तेक्ले
वाखोला गोष्ट वाचून दाखवत होती,
लांडगा आला की पान उलटून टाकत होती.

आता मंगळवारी साडेआठला
मी जाळीवरची लव बोटांनी अलगद गुंडाळते,
एका तुकड्यात निघते, फाटत नाही.
आमच्या आठवड्याचा रंग राखाडी,
कडेला थोडा नारिंगी.

परवा तिसऱ्या मजल्यावरची गुनवोर
पाच मिनिटं आधीच आली, टोपली घेऊन.
आधी जाळी बघितली, मग मला.
मग एक लांबलचक वाक्य बोलली.
अर्धंअधिक निसटलं माझ्या हातून,
पण ती हसली नव्हती, एवढं नक्की.
रागावलेलीही नव्हती.

वर आल्यावर तेक्लेनं विचारलं,
"काय म्हणाली ती?"
मी म्हटलं, "विचारत होती,
तुझे मोजे कोण विणतं."

तेक्ले सफरचंद चावता चावता थांबली.
माझ्याकडे बघितलं.
मग पुन्हा चावू लागली.